चौकटींचा पडदा आणि डोक्यामागची लाट

जळगाव-धुळ्याकडे डॉक्टरांनी ‘व्हीईपी’ (व्हिज्युअल इव्होक्ड पोटेन्शियल, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूपर्यंत कसं पोचतं याची तपासणी) लिहून दिली, की घरच्यांची पहिली शंका असते : “डोकाले करंट देतस का?” नाही. तपासणीत डोक्याला चिकटवलेल्या तारा काही देत नाहीत, मेंदूतली वीज फक्त टिपतात. तीही किती, तर व्होल्टचा साधारण लाखावा भाग, म्हणजे १० मायक्रोव्होल्ट.

पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटी असतात. सेकंदाला दोनदा काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होतं. एकूण उजेड तेवढाच राहतो, उलटतात त्या चौकटी. सुमारे १०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मागे लाट उठते, तिला पी-१०० म्हणतात.

ही लाट मुख्यतः नजरेच्या मध्याची असते, आणि त्याचं कारण मेंदूतल्या नकाशात आहे. नजरेच्या मधल्या १० अंशांना दृष्टीच्या प्राथमिक भागातली जवळपास निम्मी जागा मिळते. शिवाय अगदी मध्याची जागा मेंदूच्या मागच्या टोकाला, कवटीला लागून आहे. कडेच्या नजरेची खोल घडीत दडलेली. म्हणून मध्याचा आवाज मोठा. एक मीटरवरून १७.५ मिलिमीटरची चौकट एक अंशाची दिसते, ४.४ मिलिमीटरची पाव अंशाची. बारीक चौकटी ऐन मध्याची परीक्षा घेतात.

मेंदूची इतर खळबळ या लाटेपेक्षा मोठी असते. पण ती चौकटींच्या तालावर चालत नाही. शंभर नोंदींची सरासरी काढली, की ती दहापट घटते आणि लाट वर येते.

नाकाच्या मुळापासून कवटीच्या मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत ३६ सेंटिमीटर भरले, तर उंचवट्याच्या ३.६ सेंटिमीटर वर मुख्य इलेक्ट्रोड, म्हणजे तारेचं त्वचेला चिकटणारं टोक. तिथला विजेला होणारा रोध ५ किलोओहमखाली हवा, म्हणून आदल्या दिवशी केस धुवा आणि तेल लावू नका. चष्मा घालूनच बसा : बारीक चौकटी धूसर दिसल्या तर लाट उशिरा येते आणि ऑप्टिक नर्व्ह (डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस) विनाकारण आजारी ठरते. बाहुली मोठी करणारे थेंब नकोत. एका वेळी एकच डोळा, दुसरा घट्ट झाकलेला.

‘मिडब्रेन’ (मेंदूचा मधला भाग) जागवून मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवू म्हणणाऱ्यांनी इथे यावं. दोन्ही डोळे नीट झाकले, की कागदावर सपाट रेघ उमटते.

ऑप्टिक नर्व्हला सूज येऊन गेल्यावर तक्ता पुन्हा ६/६ वाचता आला, तरी लाट बहुधा उशिराच येते. तंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजलेलं असतं. हॅलिडे आणि सहकाऱ्यांनी हे १९७२ मध्ये दाखवलं. मात्र जुना पडदा काढून एलसीडी लावला, तरी काही मिलिसेकंदांचा उशीर दिसू शकतो. म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेने निरोगी माणसांवर आपले आकडे आधी बसवावेत, आणि पडदा बदलला की पुन्हा.