किमान वेतन पाच वर्षे गोठलेले असते का?

‘किमान वेतन एकदा ठरले की पाच वर्षे त्यात एक रुपयाही वाढत नाही,’ असा संदेश मराठवाड्यात वर्षानुवर्षे फिरतो आहे. 1948 च्या किमान वेतन कायद्यात पाच वर्षांचा उल्लेख असल्याने हा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु ती फेरविचाराची कमाल मुदत होती, वाढीवरची बंदी नव्हे. शिवाय महाराष्ट्रात मूळ वेतनाला विशेष भत्ता जोडलेला असतो आणि महागाईच्या निर्देशांकानुसार तो दर सहा महिन्यांनी नव्याने ठरतो. लातूरच्या डाळमिलमधील हमाल असो वा जालन्याच्या रोलिंग मिलमधील कामगार, त्याने जानेवारीची आणि जुलैची पगारपत्रके शेजारी ठेवून विशेष भत्त्याचा रकाना पाहावा. तो रकानाच नसेल, तर एकूण रक्कम आपल्या उद्योगाच्या व परिमंडळाच्या (वेतनदरासाठी पाडलेल्या भौगोलिक विभागाच्या) चालू दरपत्रकाशी ताडून पाहावी.