बंदूक नेमकी कुठून सुरू होते?

पोलादी पिस्तुलावर ठोकलेला क्रमांक कानशीने घासून गुळगुळीत केला, तरी तो पुरता गेलेला नसतो. ठसा ठोकताना आकड्याच्या खालचे धातूचे स्फटिकही दबतात, त्यांच्या रांगा विस्कटतात. वरचा खड्डा घासला जातो, पण खालची विस्कट बरीच खोलवर शिल्लक राहते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्या जागेवर कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण फिरवतात. दबलेला धातू आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगाने झिजतो आणि मिटलेले आकडे हळूहळू वर येतात. कधीकधी ते लगेच पुसटही होतात, म्हणून तपासनीस कॅमेरा आधीच रोखून बसतो.

अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत मात्र गेल्या काही वर्षांत अशी पिस्तुलं येऊ लागली, ज्यांच्यावर घासल्याची खूणच नाही. क्रमांक कधी ठोकलाच नव्हता. तिथे कुठलंच रसायन काही करू शकत नाही. तिकडे त्यांना ‘घोस्ट गन’ म्हणतात. त्यांतली बरीच पिस्तुलं घरच्या टेबलावर जोडलेली असतात, आणि त्यांचा मुख्य भाग प्लास्टिकचा असतो. हे शक्य कसं झालं, याचं उत्तर थोडं कायद्यात आहे आणि बरंचसं नायलॉनच्या रसायनशास्त्रात.

आधी कायदा. 1963 साली अध्यक्ष केनेडींवर जी रायफल झाडली गेली, ती टपालाने मागवलेली होती. 1968 मध्ये मार्टिन लूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि त्याच वर्षी ‘गन कंट्रोल अ‍ॅक्ट’ आला. बंदूक विकायला परवाना, खरेदीदाराची नोंद आणि प्रत्येक बंदुकीवर क्रमांक, हे त्यातून पक्कं झालं. पण बंदूक म्हणजे नळी, स्लाइड (पिस्तुलाच्या नळीवरचा, पुढे-मागे सरकणारा भाग), चाप, स्प्रिंगा, खिळ्या असे कितीतरी सुटे भाग. क्रमांक कोणत्या भागावर कोरायचा? कायद्याने एक भाग निवडला: बाकी सगळं ज्याच्यावर बसतं तो सांगाडा, म्हणजे फ्रेम किंवा रिसीव्हर. तो भाग एकटा असला तरी कायद्याच्या नजरेत तीच बंदूक. नळी, स्लाइड, स्प्रिंगा हे नुसते सुटे भाग.

त्या काळी ही निवड शहाणपणाची होती असं मला वाटतं. पोलादाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम म्हणजे घडीव ठोकळा यंत्रावर नेमक्या मापात कोरून काढायचा. त्याला कारखाना लागतो, कसबी कारागीर लागतो. जो भाग बनवायला अवघड, त्यावर पहारा ठेवला की पुष्कळसं काम झालं.

मग पोलादाच्या जागी नायलॉन आला.

वॉलेस कॅरोथर्स यांनी 1935 मध्ये ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत नायलॉन 66 बनवला. दोन रसायनं, प्रत्येकाच्या रेणूत सहा कार्बन, म्हणून 66. ती एकाआड एक जोडली जाऊन लांबच लांब साखळ्या होतात, आणि शेजारच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. म्हणून तो चिवट असतो आणि सुमारे 260 अंशांपर्यंत वितळत नाही. नुसता नायलॉन तरीही यंत्राच्या भागासाठी मऊच. त्यात बारीक काचतंतू मिसळले की चित्र बदलतं. आपल्याकडे मातीच्या भिंतीत गवत, भुसा मिसळतात ते याच कारणाने: माती दाब सोसते, ताण पडला की काड्या धरून ठेवतात. काचतंतू घातलेला नायलॉन आज ड्रिल मशीनच्या कवचात असतो, मोटारीच्या इंजिनावर असतो. त्याची घनता पोलादाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. त्याची एक गंमतही आहे. तो हवेतलं पाणी पितो, आणि थोडं पाणी प्यायल्यावरच खरा चिवट होतो. अगदी कोरडा नायलॉन ठिसूळ असतो.

बंदुकीत तो लवकर शिरला. 1959 मध्ये रेमिंग्टनची ‘नायलॉन 66’ नावाचीच रायफल आली, 1970 मध्ये जर्मन हेकलर अँड कॉख कंपनीचं व्हीपी70 हे प्लास्टिक फ्रेमचं पिस्तूल आलं. पण जग बदललं ते व्हिएन्नाजवळच्या गॅस्टन ग्लॉक यांनी. सैन्यासाठी सुऱ्या बनवणाऱ्या या माणसाने आधी कधी पिस्तूल बनवलं नव्हतं. 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने त्याचं पिस्तूल ‘पी80’ या नावाने स्वीकारलं. बाहेरच्या जगात ते ग्लॉक 17.

प्लास्टिकची बंदूक फुटत कशी नाही, हा प्रश्न साहजिक आहे. 9 मिलिमीटरच्या काडतुसात दाब दोन हजार वातावरणांच्याही वर जातो. घरातल्या कुकरमध्ये तो दोन वातावरणांच्या आसपास असतो. पण हा दाब फ्रेमवर येतच नाही. काडतूस पोलादी नळीत असतं आणि मागून पोलादी स्लाइडने झाकलेलं असतं. गोळी सुटते त्या क्षणी नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकलेल्या असतात. गोळी एका मिलिसेकंदाच्या आत बाहेर पडते, दाब ओसरतो, आणि मग कुठे त्या सुट्या होतात. फ्रेमच्या वाट्याला येतो तो मागे सरकणाऱ्या स्लाइडचा धक्का आणि तिला सरळ रेषेत ठेवायचं काम. तेही फ्रेमच्या आत बसवलेल्या छोट्या पोलादी पट्ट्या करतात. धक्क्याने फ्रेम किंचित वाकते, परत येते. अतिवेगवान कॅमेऱ्यात हे वाकणं दिसतं.

माझ्या मते साऱ्या गोष्टीचं मूळ इथे आहे. पिस्तुलाचा जो भाग सर्वांत कमी सोसतो, तोच कायद्याने ‘बंदूक’ ठरवलेला. आणि आता तोच बनवायला सर्वांत सोपा. वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबायचं, थंड झालं की काढायचं, बस. साचा महाग, पण पुढचा प्रत्येक नग स्वस्त. पहारा जुन्याच दारावर राहिला आणि ते दारच मऊ झालं.

काही उत्पादकांनी याचा फायदा घेतला. फ्रेमचं थोडं काम मुद्दाम अपुरं ठेवून ती विकायची, म्हणजे ती ‘अजून बंदूक नाही’. मग क्रमांक नको, खरेदीदाराची चौकशी नको. बाजारात अशा फ्रेमला नाव पडलं ‘80 टक्के’, म्हणजे तेवढी पुरी झालेली. हा आकडा कुठल्याही कायद्यात नाही आणि तो मोजायची कुठली पट्टीही नाही. नेवाडातल्या एका कंपनीने तर तो नावातच घेतला: पॉलिमर80. स्वतःच्या वापरासाठी घरी बंदूक बनवायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही, आणि हौसेने, मन लावून ते करणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या हौसेबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याला दुकानात बंदूक मिळाली नसती, त्यालाही अशी अपुरी फ्रेम आणि जोडणीचे बाकीचे भाग असलेली पेटी घरपोच मिळू लागली. गुन्ह्यांच्या तपासात सापडलेल्या आणि माग काढण्यासाठी पाठवलेल्या अशा बंदुका 2017 मध्ये सुमारे 1,600 होत्या. 2021 मध्ये 19,000च्या वर गेल्या.

2022 मध्ये एटीएफ या, बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या केंद्रीय संस्थेने नियम केला: सहज पुरी करता येते अशी अपुरी फ्रेम आणि जोडणीची पेटी यांनाही बंदुकीचेच नियम लागू. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 26 मार्च 2025 रोजी 7 विरुद्ध 2 मतांनी नियम टिकला. निकाल न्यायमूर्ती गॉर्सच यांनी लिहिला, आणि त्यांनी भाषेचा आधार घेतला: लेखिका अपुरं हस्तलिखित पाठवतानाही ‘माझी कादंबरी’ म्हणते, सुटे भाग घरी आणणाराही ‘टेबल घेतलं’ म्हणतो. मराठीत तर याहून बोलकं उदाहरण आहे. कोकणात शेतात उभं असतं तेही भात आणि पानात वाढतात तेही भात. मधल्या टप्प्यावर मात्र आपण त्याला तांदूळ म्हणतो. वस्तूला नाव कधी द्यायचं, हे वस्तू किती पुरी झाली यावर नेहमी ठरत नाही. न्यायालयासमोर एक ठोस गोष्टही होती: पॉलिमर80ची पेटी कधीही न हाताळलेल्या माणसाने ती 21 मिनिटांत जोडली होती. मात्र प्रत्येक अपुरी फ्रेम बंदूकच, असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. एवढंच म्हटलं, की काही पेट्या आणि काही फ्रेमी नक्कीच या व्याख्येत बसतात. रेघ पुढेही वस्तूगणिक ओढावी लागणार.

भारतात ही रेघ ओढायची वेळच येत नाही. 1959च्या शस्त्र कायद्यात सुटे भाग आणि बनवण्याची यंत्रंही शस्त्रांच्या व्याख्येतच घेतली आहेत. परवान्याशिवाय शस्त्र घडवलं तर 2019च्या दुरुस्तीनंतर किमान 7 वर्षं, कमाल जन्मठेप.

एका क्रमांकावर एवढं काय अडतं, हे वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला कळतं. एटीएफचं माग काढणारं केंद्र तिथे आहे. अमेरिकेत बंदूकमालकांची केंद्रीय नोंदवही ठेवायला 1986च्या कायद्याने मनाई आहे. त्यामुळे क्रमांक हाती आला की आधी कारखान्याला विचारायचं, मग घाऊक विक्रेत्याला, मग दुकानदाराला, आणि शेवटी दुकानातल्या अर्जावर पहिल्या खरेदीदाराचं नाव सापडतं. बंद पडलेल्या दुकानांचे कागद याच केंद्रात येतात, आणि तिथली माणसं ते एकेक करून चाळतात. ही सगळी साखळी त्या एका आकड्याला बांधलेली आहे. आकडा नसला की चौकशीचा पहिला फोन कुणाला लावायचा हेच ठरत नाही.

मागे उरते ती काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी. तिच्या बुडावर चाप ओढल्यावर आदळणाऱ्या पिनेचा खळगा असतो, कडेला ओरखडे असतात, आणि ही सगळी पोलादी भागांची अक्षरं आहेत. फ्रेम प्लास्टिकची असो वा धातूची, ती उमटतातच. सूक्ष्मदर्शकाखाली दोन पुंगळ्या शेजारी ठेवल्या की तज्ज्ञ सांगू शकतो, दोन वेगळ्या रात्री, दोन वेगळ्या रस्त्यांवर झाडलेल्या गोळ्या एकाच पिस्तुलातल्या असाव्यात. ते पिस्तूल कुणी मागवलं होतं, हे मात्र त्या पितळेवर लिहिलेलं नसतं.