एपी जितके जास्त, तितका प्रवेश पक्का?

अमेरिकेतल्या मराठी पालकांमध्ये एक समज घट्ट बसलाय: शाळेतच कॉलेजच्या पातळीचे, म्हणजे एपीचे, १०-१२ विषय केल्याशिवाय चांगलं कॉलेज मिळत नाही. हे खरं नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचंच बघा. प्रवेशाचा जीपीए, म्हणजे ग्रेडच्या गुणांची सरासरी, काढताना दहावी-अकरावीतल्या एपीला जादा गुण मिळतो; बी ग्रेडचे ३ ऐवजी ४ धरतात. पण ही सवलत जास्तीत जास्त ८ सत्रांना, म्हणजे वर्षभराच्या ४ विषयांना! बाकीचे विषयही अर्ज वाचणारे बघतात, पण शाळेत काय उपलब्ध होतं हे लक्षात घेऊन. आणि कॅल्टेक, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाचं ते नावाजलेलं विद्यापीठ? एपीच्या परीक्षेत ५ पैकी ५ मिळाले तरी तिथे क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो विषय कॉलेजात झाला असं धरत नाहीत. मग मुलांना रात्र-रात्र जागवायचं कशासाठी?