निसर्गोपचार: सिलेशियाचं थंड पाणी आणि खानदेशची कळण्याची भाकरी

चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, उनपदेवचा गरम पाण्याचा झरा आहे. खरूज-नायटा झाला की तिथं अंघोळीला जायचं, ही आमच्या खानदेशातली जुनी रीत. त्यामुळे निसर्गोपचार म्हटलं की आपल्याला तो इथलाच, आयुर्वेदाचाच एखादा भाग वाटतो. पण तसं नाही. आयुर्वेदात काढे आहेत, भस्मं आहेत, गुटिका आहेत. मूळ निसर्गोपचारात औषधच नाही. आणि आज ज्या रूपात तो शिकवला जातो, ते रूप घडलं युरोपात.

सिलेशियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) ग्राफेनबर्ग या डोंगरी गावात व्हिन्सेंट्स प्रीसनिट्स (१७९९–१८५१) नावाचा शेतकऱ्याचा मुलगा होता. गाडीखाली सापडून त्याच्या बरगड्या मोडल्या, तेव्हा थंड पाण्याच्या पट्ट्या बांधून तो बरा झाला. पुढे दुरून रोगी त्याच्याकडे येऊ लागले. बव्हेरियातले धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप यांचं जलोपचारावरचं पुस्तक १८८६ साली आलं. लाइपझिगच्या लुई कूने यांनी कटिस्नान, म्हणजे कंबर बुडेल एवढ्या थंड पाण्यात बसणं, रूढ केलं आणि अडोल्फ युस्ट यांनी मातीच्या पट्टीवर भर दिला. यातले कूने आपल्याकडे सगळ्यांत जास्त वाचले गेले. त्यांच्या पुस्तकाचा तेलुगू अनुवाद १८९४ मध्येच झाला होता.

कूने यांचं म्हणणं थोडक्यात असं: रोग अनेक दिसतात, पण मूळ एकच, शरीरात साचलेलं विजातीय द्रव्य, म्हणजे शरीराला नको असलेली घाण. ताप, जुलाब, पुरळ म्हणजे ते बाहेर टाकायची शरीराची धडपड. म्हणून लक्षणं दाबायची नाहीत. उपवास, पाणी, माती, ऊन आणि साधा आहार यांनी शरीराला वाट मोकळी करून द्यायची. शरीरात बरं होण्याची ताकद असते हे खरंच आहे. पण ‘सगळे रोग एकच’ हे टिकणारं नव्हतं. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवला होता.

भारतात हा विचार घरोघरी नेला गांधीजींनी. दक्षिण आफ्रिकेत असतानाच त्यांनी कूने आणि युस्ट वाचले आणि स्वतःवर, मुलांवर प्रयोग केले. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन आपल्या यावल तालुक्यात फैजपूरला भरलं, तेव्हा तिथल्या ग्रामोद्योग प्रदर्शनासाठीही ते आले होते. त्यांच्याच पुढाकारानं १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचा आग्रह हातसडीचा तांदूळ, गूळ आणि घाणीचं तेल यांवर होता. म्हणजे ती चळवळ रोजगाराची तेवढीच आहाराचीही होती. पुढे १९४६ मध्ये त्यांनी पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला, आणि मणिभाई देसाईंनी तो वाढवला.

आहाराचं शास्त्र मात्र वेगळ्या वाटेनं, प्रयोगशाळेतून आलं. जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान यांना पॉलिश केलेल्या तांदळावरच्या कोंबड्या लुळ्या पडलेल्या दिसल्या. कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या सावरत. १९१२ मध्ये कासिमीर फुंक यांनी अशा अन्नघटकांना ‘व्हिटामिन’ हे नाव दिलं. हातसडीच्या तांदळाच्या आग्रहाला इथं पुरावा मिळाला.

आमच्या ज्वारीचीही अशीच एक गोष्ट आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. दख्खनच्या पठारावर नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा नायसिन जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग व्हायचा: उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडायची, जुलाब लागायचे. १९६० च्या सुमारास हैदराबादेत सी. गोपालन यांनी त्याचा अभ्यास केला आणि ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसिन या अमिनो आम्लाकडे (प्रथिनांच्या एका घटकाकडे) बोट दाखवलं. आता कळण्याची भाकरी आठवा; तिच्यात ज्वारी एकटी नसते. ज्वारीत साधारण चौथाईनं आख्खे काळे उडीद (प्रमाण घरागणिक बदलतं) आणि मीठ घालून एकत्रच दळायचं. भाकरीबरोबर ठेचा, कच्चं तेल, कांदा, हिवाळ्यात भरीत. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्य भरून काढतं. दोन्ही मिळून प्रथिनं अंगी लागतात. आमच्या आज्यांना ही नावं ठाऊक नव्हती; हे पीठ खाल्लं की शेतात दिवसभर दम टिकतो, एवढं पक्कं ठाऊक होतं. आज ज्वारीच्या वावरात कापूस आणि मका उभा आहे, कळणा पाहुणचारापुरता उरलाय, याचं मनापासून वाईट वाटतं.

पण आहाराचं मोल सांगताना त्याची हद्दही सांगायला हवी. नंदुरबारकडच्या भिल्ल, पावरा कुटुंबांमध्ये आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आजार जन्मजात आहे. कोणत्याही रसाहारानं तो जात नाही. क्षयाला गोळ्यांचा पूर्ण कोर्सच लागतो; सकस जेवण त्याला साथ देतं, त्याची जागा घेत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यानं कुणाच्या सांगण्यावरून मनानं उपवास धरला तर साखर एकदम उतरून जीवावर बेतू शकतं.

गांधीजींनाही हा प्रसंग चुकला नाही. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात त्यांना अपेंडिसायटिस झाला. पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं करावं लागलं. शस्त्रक्रियेला त्यांनी स्वतः संमती दिली होती. पोटावरची मातीची पट्टी त्यांनी पुढेही सोडली नाही.