चंद्रावर बोअर घ्यायचा झाला तर

मराठवाड्यातल्या भूवैज्ञानिकांच्या बैठकीत चंद्राचा विषय काढला की मागच्या रांगेतून ठरलेला प्रश्न येतो, "सर, आधी आपल्या तालुक्याला पाणी दाखवा, मग चंद्राचं बघू." प्रश्न रास्तच आहे. पण चंद्रावरच्या पाण्याबद्दल बोलायचा हक्क कुणाला असेल तर तो याच मंडळींना. शेतकऱ्यासमोर उभं राहून 'इथं घ्या' म्हणून ज्यांनी जागा दाखवली आणि चारशे फुटांवरही नुसता धुरळा उडताना पाहिला, त्यांना संकेत वेगळा आणि साठा वेगळा हे कुणी शिकवायला नको.

चंद्रावर आजवर हाती आलेत ते बहुतेक संकेतच. १९९८ मध्ये 'लूनर प्रॉस्पेक्टर' यानाने न्यूट्रॉन मोजून ध्रुवांजवळ हायड्रोजन जास्त असल्याचं दाखवलं. तो हायड्रोजन पाण्यातलाच की आणखी कशातला, हे ती मोजणी सांगत नाही. जमिनीचा विद्युत रोध मोजून पाणी शोधायचं रेझिस्टिव्हिटी मीटर लावणाऱ्याला ही पंचाईत रोजची आहे. रोध कमी आला म्हणजे खाली पाणी असेलच असं नाही. दोन लाव्हाथरांमधली लाल चिकणमातीही तसाच आकडा देते. २००८ मध्ये निघालेल्या चांद्रयान-१ वरच्या उपकरणाने पाण्याच्या आणि हायड्रॉक्सिलच्या (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीच्या) खुणा टिपल्या, पण परावर्तित प्रकाशाला दिसतो तो फक्त वरचा पापुद्रा.

मग ९ ऑक्टोबर २००९ ला नासाने एका रॉकेटचा रिकामा टप्पा कायम अंधारात असलेल्या कॅबियस विवरात आदळवला आणि उडालेला फुफाटा तपासला. पाण्याचं प्रमाण निघालं वजनाच्या ५.६ टक्के, कमी-जास्त २.९ टक्के. म्हणजे तीनहून कमी किंवा आठहून जास्तही असू शकतं, आणि तेही एकाच जागेचं. एका बोअरवरून तालुक्याचा भूजल अहवाल लिहिला तर आपण तो परत पाठवू. इथं मात्र अशाच आकड्यांवरून 'चंद्रावर अब्जावधी टन पाणी' असे मथळे होतात.

अणुभट्टीचं इंधन म्हणून नाव घेतलं जातं त्या हेलियम-३ वायूचीही तीच गत. अपोलोच्या नमुन्यांत ते टनामागे साधारण १० मिलिग्रॅम भरतं. एक किलोसाठी लाखभर टन माती खणून तापवायची, आणि ते जाळणारी अणुभट्टी अजून कुणाकडे नाही. याला साठा म्हणणं भूवैज्ञानिकाला शोभत नाही. पृथ्वीवर खनिजाचा साठा जाहीर करायला ठरलेले दर्जे आहेत: किती छिद्रं घेतली, किती अंतरावर, काढायला परवडेल का. चंद्रासाठी असा सर्वमान्य नियम अजून नाही. आपल्या भूवैज्ञानिकांच्या व्यावसायिक संघटनेने हात घालावा असं काम मला तरी दुसरं दिसत नाही. अमेरिकेतल्या पेट्रोलियम भूवैज्ञानिकांच्या संघटनेने, म्हणजे तेल शोधणाऱ्यांनी, ग्रहभूविज्ञानाची वेगळी समितीच केली होती. आपण तर पाणी शोधणारे.

आता प्रत्यक्ष बोअरकडे येऊ. आपल्या बोअरच्या गाडीचा हातोडा दाबाच्या हवेवर चालतो. तीच हवा चुरी वर फेकते आणि बिट, म्हणजे दगड फोडणारं टोकही थंड ठेवते. चंद्रावर हवाच नाही, त्यामुळे कॉम्प्रेसर ओढणार काय? गुरुत्व सहाव्या हिश्श्याचं, म्हणून गाडीचं आणि रॉडचं वजन बिटावर पुरेसं पडत नाही. जोर लावायला गेलं की यंत्रच वर उचललं जाणार. घर्षणाने बिट तापलं तर ज्या बर्फासाठी खटाटोप, तोच वाफ होऊन निघून जाणार.

हे नुसते तर्क नाहीत. १९७१ मध्ये अपोलो-१५ च्या वेळी उष्णता मोजण्याची छिद्रं ठरलेल्या ३ मीटरपर्यंत गेलीच नाहीत. नमुन्याची नळी अशी अडकली की डेव्हिड स्कॉट आणि जेम्स आयर्विन या दोघांना मिळून ती उपसावी लागली. रॉड अडकल्यावर गाडीवाल्याचा चेहरा कसा होतो, हे ज्याने पाहिलंय त्याला यापुढचं सांगायला नको. पुढे अपोलो-१७ ची नळी ३ मीटरच्या आसपास पोचली, तेवढीच. याउलट आपल्याकडे भूकंपानंतर किल्लारीला घेतलेलं छिद्र ६१७ मीटरचं आहे, त्यातले ३३८ मीटर बसाल्ट. चांद्रयान-३ च्या तापमापकाने २०२३ मध्ये जेमतेम ८ सेंटिमीटर खाली उणे १० अंश नोंदवले, वरचा पृष्ठभाग तापलेला असताना. बोटभर खोलीत एवढा फरक!

चंद्रावरचे काळे डाग म्हणजेही बसाल्टच. पण आपला काळा पाषाण फोडला तर पोकळ्यांत पांढरी झिओलाइटं, गारगोटी, हिरवट चिकणमाती भरलेली दिसते. ही सगळी मुरलेल्या पाण्याची करणी. अपोलो-१५ ने आणलेला सच्छिद्र बसाल्ट पाहा, पोकळ्या रिकाम्या, कडा कोऱ्या. दुसरा फरक टायटॅनियमचा. आपल्याकडे त्याचं ऑक्साइड साधारण २ ते ३ टक्के, तर अपोलो-११ च्या काही दगडांत १० टक्क्यांहून जास्त, आणि ते बहुतेक इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजामध्ये. इल्मेनाइट हायड्रोजनबरोबर हजारेक अंशांपर्यंत तापवलं की पाणी सुटतं, त्यातून ऑक्सिजन. म्हणून खडी क्रशरची डस्ट 'चंद्राची माती' म्हणून खपवू नये. इस्रोने कृत्रिम चंद्रमाती केली ती तमिळनाडूतल्या अ‍ॅनॉर्थोसाइट या फिकट दगडापासून, कारण चंद्राचा उजळ भाग तसल्या दगडाचा आहे.

हे शिकायला फार लांब जावं लागत नाही. जालना जिल्ह्यातल्या मंठ्याच्या पुढे, जिल्ह्याची हद्द ओलांडली की लोणार. बसाल्टवर उल्का आदळून झालेलं आणि इतकं नीट टिकलेलं विवर पृथ्वीवर दुसरं नाही. तिथल्या दगडातलं फेल्डस्पार हे खनिज धक्क्यानेच काचेसारखं झालंय. तसंच ते मंगळावरून आलेल्या उल्कांतही सापडतं. संघटनेची पुढची सहल तिथं न्यावी. सकाळी वाटेतल्या एखाद्या खाणीत साधा बसाल्ट भिंगाखाली बघायचा, दुपारी विवराच्या काठावर उलथलेले थर. नमुने खाणीतूनच घ्यायचे. लोणार अभयारण्य आहे, तिथं हातोडी गाडीतच ठेवायची.