दुखते कपाळ, दुखण्याचे मूळ मानेत

गोव्यातील मराठी घरांत कपाळ ठणकू लागले की पहिला संशय पित्तावर घेतला जातो, दुसरा उन्हावर आणि तिसरा चष्म्याच्या नंबरावर. सोलकढी पिऊन होते, बाम चोळून होतो, गोळीही घेऊन होते. पण मानेकडे कोणाचे लक्ष जात नाही. म्हापशाहून पणजीला दुचाकीने येऊन दिवसभर लॅपटॉपपुढे वाकून बसणारा कर्मचारी, विळीवर बसून खाली मान घालून नुस्ते (मासळी) साफ करणारी गृहिणी आणि माडांच्या शेंड्यांकडे वर पाहत काम करणारा पाडेली या तिघांच्याही मानेवर दीर्घकाळ एकाच स्थितीत राहण्याचा ताण पडत असतो. तिघांपैकी कोणाचेही डोके दुखले, तर कारणाचा शोध मानेपासून सुरू करायला हरकत नाही.

मानेत सात मणके असतात. त्यांपैकी वरच्या तीन पातळ्यांवरून येणाऱ्या मज्जातंतूंचे संदेश मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी असलेल्या एका पेशीसमूहात पोहोचतात आणि कपाळ, डोळे व चेहरा यांची संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूचे धागेही नेमके तेथेच येऊन मिळतात. दोन्हींकडचे संदेश एकाच ठिकाणाहून पुढे जात असल्यामुळे वेदना मानेतून आली की कपाळातून, हे मेंदूला नीट ओळखता येत नाही आणि मानेचे दुखणे भुवईच्या मागे जाणवू लागते. हृदयविकाराच्या झटक्यात डावा हात दुखतो, त्यामागची यंत्रणाही याच जातीची आहे. मानेतून उद्भवणाऱ्या या डोकेदुखीला नॉर्वेतील संशोधकांनी १९८३ मध्ये 'सर्व्हायकोजेनिक' असे नाव दिले.

या दुखण्यात कवटीच्या बुडाशी असलेल्या छोट्या स्नायूंचा वाटा अनेकदा मोठा असतो. त्यांचे काम स्वतःच अनुभवता येते. डोक्याच्या मागे जेथे हाड संपते त्याच्या अगदी खाली दोन्ही हातांची बोटे हलकेच रोवावीत, डोळे मिटावेत आणि डोके न हलवता बुबुळे डावीकडून उजवीकडे फिरवावीत. बोटांखाली बारीकशी हालचाल अनेकांना जाणवते. नजर जेथे जाते तेथे डोके स्थिर ठेवण्याची जबाबदारी या स्नायूंवर असल्याने तासन्‌तास पडद्याकडे पाहणाऱ्याचे हे स्नायू, तो हलत नसतानाही, कामावरच असतात. चाळिशीनंतर प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत वर दूरचा आणि खाली जवळचा नंबर असलेला) चष्मा लावणारे लोक काचेच्या खालच्या भागातून संगणक पाहण्यासाठी हनुवटी उचलून बसतात आणि हे स्नायू आखडून घेतात. तेव्हा चष्म्यावरचा संशय अगदीच चुकीचा नसतो; फक्त दोष नंबराचा नसून मानेच्या कोनाचा असतो.

डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. २०१४ मध्ये अमेरिकेतील एका शल्यचिकित्सकाने संगणकीय प्रतिरूपावरून काढलेल्या हिशेबानुसार मान ६० अंशांत पुढे झुकली की मणक्यांवरील भार सुमारे २७ किलोंवर जातो. हा आकडा प्रत्यक्ष माणसांवर मोजलेला नाही, त्यामुळे तो भीती घालण्यासाठी वापरू नये. पण मोबाइल थोडा उंच धरण्यास तो पुरेसे कारण देतो.

मानेतून येणारी डोकेदुखी बहुधा एकाच बाजूला राहते, मागून पुढे सरकते, मान वळवली की वाढते आणि त्या वेळी मान एका बाजूला नीट वळतही नाही. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे दोन्ही बाजूंना दुखते, ती ताणजन्य डोकेदुखी निराळी आणि कितीतरी अधिक आढळणारी; तीतही मानेचे व खांद्यांचे स्नायू दुखरे असतात. अर्धशिशीच्या झटक्यातही मान आखडते. म्हणून केवळ मान दुखते एवढ्यावरून निदान ठरवू नये. एक्स-रेवर मणक्यांची झीज दिसली म्हणजे कारण सापडले, असेही नव्हे, कारण पन्नाशीनंतर ती काहीही न दुखणाऱ्या माणसांतही सर्रास दिसते.

उपायांत शेक आणि हलके मर्दन तात्पुरता आराम देतात. मानेला बांधायचा पट्टा दीर्घकाळ वापरला तर स्नायू अधिकच कमजोर होतात. खरा फायदा व्यायामाचा. ऑस्ट्रेलियात २०० रुग्णांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा आठवड्यांच्या सौम्य व्यायामाने डोकेदुखी कमी झाली आणि वर्षभरानंतरही हा फायदा टिकून होता. त्यातला मुख्य व्यायाम दिसायला क्षुल्लक आहे: उताणे झोपून, डोक्याखाली पातळ घडीचा टॉवेल ठेवून, 'हो' म्हणताना हलवतो तेवढीच हनुवटी गळ्याकडे आणावी, दहा सेकंद धरावी आणि सोडावी. डोके उचलू नये. गळ्यावरचे स्नायू ताठ झाले तर जोर जास्त लागला असे समजावे. अशा दहा आवृत्त्या पुरतात. मानेच्या आतले, एरवी सुस्तावलेले स्नायू यामुळे कामाला लागतात. जोडीला पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणावा आणि अर्ध्या तासाने एकदा तरी उठावे. उत्तम आसनात ताटकळत बसण्यापेक्षा आसन बदलत राहणे अधिक उपयोगी ठरते.

गोळ्यांबाबत एक हिशेब लक्षात ठेवावा. साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्यास त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते. केस कापल्यावर न्हाव्याकडून मान कडाकड मोडून घेण्याची हौसही सोडलेली बरी, कारण अशा झटक्याने मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मानेतील धमनीचे आतले अस्तर क्वचित फाटते आणि पक्षाघात होऊ शकतो.

काही सेकंदांत शिगेला पोहोचलेली डोकेदुखी, तापासोबत ताठरलेली मान, बोलण्यात जडपणा, हातापायातली शक्ती जाणे किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे असेल, तर व्यायाम करत बसू नये. १०८ वर फोन करून थेट रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखीही लवकर डॉक्टरांना दाखवावी.