खोक्यावरचे नाव आणि आतली चिप

मराठवाड्यात केबलचे डिजिटल प्रसारण टप्प्याटप्प्याने आले. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, ३१ मार्च २०१३ ची मुदत असलेल्या दुसऱ्या टप्प्यात होते. नांदेड, परभणीसारख्या शहरांची पाळी नंतर आली. गच्चीवरून घरात उतरणारी ती काळी वायर सेट-टॉप बॉक्सऐवजी यूएसबी रिसीव्हरमार्फत लिनक्स ही कार्यप्रणाली असलेल्या संगणकालाही जोडता येते. मात्र रिसीव्हर कोणत्या कंपनीचा आहे यापेक्षा त्याच्या आत कोणत्या चिप आहेत, यावर सगळे ठरते.

अशा रिसीव्हरमध्ये मुख्यतः तीन कामे चालतात. ट्यूनर हवी ती फ्रिक्वेन्सी निवडतो, डीमॉड्युलेटर लहरींतून बिट वेगळे काढतो आणि ब्रिज चिप ते यूएसबीवरून संगणकाकडे पाठवते. डीव्हीबी-सी या केबलवरच्या डिजिटल प्रसारणाच्या पद्धतीत ८ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यातून ६४-क्वाम (६४ वेगवेगळी चिन्हे वापरणारी सांकेतिक रीत) वापरून सेकंदाला ६८.७५ लाख चिन्हे पाठवली जातात आणि प्रत्येक चिन्हात ६ बिट मावतात. चूक दुरुस्तीसाठी प्रत्येक २०४ बाइटपैकी १६ बाइट खर्ची पडत असल्याने सेकंदाला सुमारे ३.८ कोटी बिट हाती लागतात. जुन्या यूएसबी १.१ ची मर्यादा १.२ कोटींची असल्याने तिथे हा पूर्ण प्रवाह मावतच नाही, तर यूएसबी २.० मध्ये तो सहज मावतो.

लिनक्समध्ये या तीन चिपसाठी सहसा वेगवेगळे ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारे छोटे प्रोग्राम, असतात. रिसीव्हर जोडताच कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याचा उत्पादक-क्रमांक आणि उपकरण-क्रमांक वाचतो, ब्रिजचा ड्रायव्हर शोधतो आणि तो ड्रायव्हर उरलेल्या दोघांना जागे करतो. नावाने किती फसगत होते पाहा: हॉपॉग कंपनीच्या एचव्हीआर-९३०सी या रिसीव्हरमध्ये ईएम२८एक्सएक्स घराण्यातला ब्रिज आणि डीआरएक्स-के डीमॉड्युलेटर आहे, तर ९३०सी-एचडी मध्ये सीएक्स२३१एक्सएक्स ब्रिज आहे. दुकानदाराच्या लेखी दोन्ही एकच! म्हणून जुना रिसीव्हर विकत घेण्याआधी तो लॅपटॉपला लावून ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेने त्याचे क्रमांक पाहावेत, हे उत्तम.

ड्रायव्हर सापडला तरी काम अडू शकते, कारण अनेक डीमॉड्युलेटरना फर्मवेअरची, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची, स्वतंत्र फाइल लागते. ती नसेल तर कर्नलच्या नोंदींत फाइल न मिळाल्याची ओळ दिसते आणि चॅनल शोधताना काहीच हाती लागत नाही. फर्मवेअर असूनही चित्राचे चौकोन फुटत असतील, तर ड्रायव्हरला दोष देण्याआधी पावसाचे पाणी शिरलेला कनेक्टर आणि एका वायरीचे चार फाटे करणारा स्प्लिटर तपासावा. सिग्नलचे आकडे बघायला मिळतात खरे, पण काही ड्रायव्हर ते डेसिबलमध्ये न देता नुसत्या सापेक्ष प्रमाणात देतात, त्यामुळे दोन रिसीव्हरची तुलना त्यावरून करू नये.

एवढे सगळे जुळले तरी सशुल्क वाहिन्या दिसतीलच असे नाही. केबलचालक त्या कूटबद्ध करून पाठवतो. ड्रायव्हर १८८ बाइटची पाकिटे जशीच्या तशी संगणकापर्यंत आणतो, पण ती उघडण्याची किल्ली त्याच्याकडे नसते. त्यासाठी सीआय खाचेचा (कूट उलगडणारे मॉड्यूल बसवण्याची जागा असलेला) रिसीव्हर आणि केबलचालकाने मान्य केलेले मॉड्यूल व कार्ड लागते. ही सोय नसेल तर केबलचालकाने कूटबद्ध न केलेल्या वाहिन्याच संगणकावर पाहता येतात.